खर्ज, पलटे आणि आकार : गळ्याचा रियाज तुम्ही कसा करता?

तीव्रमध्यम

नमस्कार मंडळी,

राग, बंदिशी, मैफली, घराणी यांवर इथे भरभरून लिहिलं जातं. त्याआधी गळ्यावर जे काम करावं लागतं, म्हणजे खर्ज (खालच्या सप्तकातले सूर), ओंकार, अलंकार आणि पलटे (स्वरांचे ठरावीक क्रम), आकार (नुसत्या 'आ'वर गाणं), मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं), त्यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. म्हणून हा धागा. शिकणाऱ्यांनी, शिकवणाऱ्यांनी, मध्येच सोडून पुन्हा सुरू केलेल्यांनी, सगळ्यांनी लिहा.

आधी माझं मत मांडते. बऱ्याच क्लासमध्ये अलंकार ही तासाच्या सुरुवातीला उरकून टाकायची गोष्ट झाली आहे. पेटीवर सूर धरायचा, मुलं-मुली, बायका-पुरुष सगळ्यांनी एकाच पट्टीत सारेगम, रेगमप खणखणीत म्हणायचं, दुप्पट लय करायची, झालं, आता बंदीश घ्या. मला वाटतं इथेच मोठं नुकसान होतं. अलंकाराने गळा फिरायला लागतो हे खरं, पण त्याचं पहिलं काम कान घडवण्याचं आहे. रेवरून गवर जाताना ग नेमका कुठे सापडतो, तो खालून ओढत येतो की थेट लागतो, उतरताना तोच ग जागेवर राहतो की घसरतो, हे ऐकायला वेळ लागतो. द्रुत लयीत ते ऐकूच येत नाही.

म्हणून माझा रियाज असा असतो. तंबोरा लावून आधी नुसतं ऐकायचं. मग ओठ मिटून मकारात मध्य षड्ज, नंतर तो हळूच आकारात उघडायचा. तिथून एकेक स्वर खाली, नी, ध, प, जिथपर्यंत आवाज सहज जातो तिथपर्यंत. प्रत्येक स्वर एका श्वासात, आवाज लहान. मग साधे सरळ अलंकार, एका मात्रेला एक स्वर, आधी सरगमने आणि लगेच तेच आकारात. हा दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो. सरगम म्हणताना 'प' किंवा 'ध' या व्यंजनाच्या धक्क्याने स्वर लागल्यासारखा वाटतो. आकारात तो आधार जातो आणि आपण खरोखर कुठे आहोत ते उघडं पडतं.

आणखी एक. हे सगळं पेटीवर करू नये असं मी आग्रहाने म्हणेन. सेंट हे स्वरांतलं अंतर मोजायचं माप. सप्तकाचे 1200 सेंट धरले तर पेटीचा शुद्ध गंधार 400 सेंटवर असतो. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो तो 386 च्या आसपास. चौदा सेंटचा फरक कागदावर किरकोळ दिसतो, पण यमन किंवा भूपाळीत गंधारावर थांबलं की तो लख्ख कळतो. ज्या मुलांचा गंधार पेटीवर पक्का झाला, त्यांना नंतर तंबोऱ्यात मिसळणं जड जातं. पेटी साथीला असू दे, शिकवायला तंबोरा हवा.

माझे प्रश्न: खर्ज बायकांनी किती खाली करावा? आकार मोकळा कसा करावा? आणि पलट्यांतून रागात कसं शिरावं?

---

निखळनाद

+१. फार गरजेचा धागा. वाचते आहे. फ्लॅटमध्ये पहाटे खर्ज कसा करायचा तेही कुणीतरी सांगा, शेजारी तान्हं बाळ आहे.

---

सांजवात

तीव्रमध्यम, धागा काढलास हे फार बरं केलंस. मी कोल्हापुरात शिकले, जयपूर-अत्रौलीच्या परंपरेत. या घराण्याचे प्रवर्तक अल्लादिया खाँसाहेब यांची कितीतरी वर्षं कोल्हापुरात गेली, त्यामुळे आमच्याकडे आकाराचा संस्कार लहानपणापासून.

आकाराबद्दल आधी सांगते. बहुतेकांचा 'आ' हा खरा 'आ' नसतोच. वर जाताना तो 'अ‍ॅ' होतो, खाली येताना 'ऑ' होतो आणि दमसास संपत आला की 'हा' होतो. आम्हाला शिकवताना बाईंनी सांगितलेलं साधंच होतं: खालचा जबडा सैल सोडायचा, ओढून उघडायचा नाही. जीभ खाली, टोक खालच्या दातांना हलकेच टेकलेलं. खांदे वर जाता कामा नयेत. मान पुढे काढून तार षड्ज गाठायची सवय असेल तर आरशासमोर बसायचं, आपोआप लक्षात येतं.

आमच्याच घराण्याच्या गायिका केसरबाई केरकरांच्या कुठल्याही ध्वनिमुद्रिकेत हा आकार ऐका. तान कितीही पेचदार असो, स्वराचा तोच गोल मोकळेपणा खालपासून वरपर्यंत टिकतो. 1977 साली व्हॉयेजर यानाबरोबर गेलेल्या तबकडीतली त्यांची भैरवी, 'जात कहाँ हो', तर सगळ्यांना सहज ऐकायला मिळते. ती ऐकताना शब्द विसरा, फक्त स्वराचं तोंड कसं उघडलंय ते ऐका.

लयीच्या बाबतीत तू म्हणतेस ते शंभर टक्के. फक्त एक भर घालते. संथ म्हणजे ढिलं नव्हे. एका मात्रेला एक स्वर घेतला तरी तो मात्रेवरच लागला पाहिजे.

---

रोखठोक

थोडा वेगळा सूर लावतो. हल्ली सगळीकडे 'हळू, सहज, आवाज लहान' असं चाललं आहे. आमच्या गुरुजींनी पहाटे उठवून भरदार आवाजात खर्ज करून घेतला. त्याशिवाय आवाजाला वजन येत नाही. माइकवर गायची सवय लागल्याने मुलांचे आवाज पोकळ झालेत. पूर्वीची मंडळी माइकशिवाय नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होती. ती काय कुजबुजत रियाज करून?

---

स्वरयंत्र

मी वाचा-उपचार तज्ज्ञ आहे, आवाजाच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या गायक-शिक्षकांबरोबर काम करते. रोखठोक, तुमचा मुद्दा अर्धा मला मान्य आहे. आवाज पोचायला हवाच. पण तो पोचतो तो अनुनादामुळे, म्हणजे घसा, तोंड, नाक यांच्या पोकळीत स्वर कसा घुमतो त्यामुळे. स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटले म्हणून तो लांब जात नाही. नाटकगृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारे गायक ओरडत नव्हते. त्यांचा आवाज टोकदार आणि गोळीबंद होता.

आता खर्जाबद्दल, आकड्यांत. काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी 'सा' धरून, गाणाऱ्या बाईचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे 208 कंपनांचा असतो. तिचा मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातला, षड्ज झाला 104. ही पुरुषाच्या बोलण्याची पट्टी! बहुतेक बायकांच्या गळ्यातून तिथे सूर निघणारच नाही, नुसती घरघर निघेल. तिच्यासाठी मंद्र पंचम, म्हणजे 156 च्या आसपास, हीच खरी खर्जाची जागा. काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाचंही तसंच: मध्य षड्ज 139, मंद्र पंचम 104, आणि मंद्र षड्ज 69. हा 69 फार थोड्यांना सहज लागतो. ध्रुपद गाणारे लोक तिथे जातात, पण ते सावकाश, वर्षानुवर्षं बांधत नेलेलं असतं.

खालच्या सुरांना स्वरतंतू आखूड, जाड आणि सैल होतात. वरच्या सुरांना ते ताणले जाऊन पातळ होतात. सैल तंतूंवर जोर लावला की आवाज भरदार वाटतो, प्रत्यक्षात तो दाबलेला असतो. सकाळी उठल्यावर तंतूंना थोडी सूज असते म्हणून आवाज खाली जातो. पहाटे खर्ज चांगला लागतो यामागे हेही एक कारण आहे. पण सुजलेल्या तंतूंवर भरदार जोर द्यायचा की त्यांना हलकेच जागं करायचं, हे तुम्हीच ठरवा.

निखळनाद, तुमच्यासाठी: मकार, म्हणजे ओठ मिटून गुणगुणणं, हा उत्तम रियाज आहे आणि बाळही झोपलेलं राहील. ओठ फुर्रर्र करत त्यावर सूर धरणं, किंवा स्ट्रॉ पाण्याच्या ग्लासात धरून त्यातून सूर काढत बुडबुडे काढणं, हेही तसंच. तोंड अर्धवट बंद असलं की आतला हवेचा दाब स्वरतंतूंना सांभाळून घेतो आणि कमी कष्टात सूर लागतो. आवाजाच्या उपचारातही आम्ही हेच करून घेतो. आपल्याकडे मकार आणि ओंकार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत, त्यामागे हाच लाभ आहे.

आणखी: आवाज बसला तर कुजबुजू नका, त्यानेही ताण येतो. गप्प बसा. पाणी भरपूर प्या, पण घोट थेट स्वरतंतूंवर पडत नाही, तो अन्ननलिकेत जातो. म्हणून गायच्या आधी गटागटा पिऊन उपयोग नाही, दिवसभर थोडं थोडं प्यायला हवं. खडीसाखर आणि ज्येष्ठमधाने घशाला बरं वाटतं, तंतूंना त्याचा स्पर्शही होत नाही. आणि दोन-तीन आठवडे आवाज घोगरा राहिला तर रियाज थांबवून कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्या. गाठी असतील तर लवकर कळलेल्या बऱ्या, बऱ्याचदा नुसत्या उपचाराने आणि सवयी बदलून त्या जातात.

---

रोखठोक

स्वरयंत्र ताई, पंचमाचं गणित पटलं. आमचे गुरुजीही मंद्र पंचमावरच बराच वेळ थांबवायचे, हे आता लिहिताना आठवलं. पण जोराचा मुद्दा मी सोडत नाही. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला सुरुवातीपासून 'लहान आवाज' सांगितला तर तो घाबरत गातो. मोकळा आवाज आधी, नाजूकपणा नंतर.

---

सांजवात

रोखठोक, घाबरत गाणं वेगळं आणि लहान आवाजात गाणं वेगळं. किराणा घराण्यात अब्दुल करीम खाँसाहेबांचा आवाज केवढा बारीक, पण त्यात भीती नाही, स्वर काठोकाठ भरलेला. त्याच घराण्यात पुढे भीमसेनजींचा बुलंद आवाज झाला. म्हणजे आवाजाचा आकारमान ज्याच्या त्याच्या पिंडावर आहे. स्वर भरलेला हवा, हे दोघांनाही लागू.

आणि अल्लादिया खाँसाहेबांचं उदाहरण इथे द्यायलाच हवं. अतिश्रमाने त्यांचा आवाज गेला होता. तो पूर्वीसारखा परत आला नाही, तेव्हा आहे त्या आवाजाला शोभेल अशी गायकी त्यांनी घडवली. जयपूरची सगळी वळणदार लयकारी तिथून आली असं आमच्याकडे सांगतात. तेव्हा जोर कुठे थांबवायचा हे कळणंही रियाजच.

---

तिहाई

तबलेवाला बोलतोय, चालेल ना? 🙂

अलंकार तालात बांधा अशी विनंती. गाणाऱ्यांची लय कच्ची राहते याचं एक कारण म्हणजे अलंकार नुसते हवेत म्हटले जातात. तीन-तीन स्वरांचा साधा पलटा घ्या: सारेग रेगम गमप मपध पधनी धनीसां, मग सांनीध पासून उलट. आरोह-अवरोह मिळून 36 स्वर. हा सहा मात्रांच्या दादऱ्यात म्हटला तर सहज बसतो. आता तोच सोळा मात्रांच्या तीनतालात, एका मात्रेला एक स्वर घेऊन, न थांबता म्हणा. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दर वेळी वेगळा स्वर येत राहील, आणि नऊ आवर्तनं झाली, म्हणजे पलट्याच्या चार फेऱ्या झाल्या, की पुन्हा सुरुवातीचा सा समेवर. हे हाताने ताल धरून चुकल्याशिवाय करता आलं तर तुमची तिहाई (तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा) कधी फसणार नाही.

पाच स्वरांचे पलटे दहा मात्रांच्या झपतालात, सातांचे सात मात्रांच्या रूपकात. आणि लय वाढवायची तर एकदम दुप्पट करू नका. बरोबरीच्या लयीत स्थिर झालात की थोडी चढवा, स्वर घसरला की पुन्हा मागे या.

---

तुंगभद्रा

बंगळुरूहून. आई मराठी, सासर कन्नड, त्यामुळे माझ्या मुली कर्नाटक संगीत शिकतात आणि मी ऐकत ऐकत शिकले. तिथे हा भाग किती शिस्तीत बांधला आहे ते सांगावंसं वाटतं. सुरुवात सरळी वरिसैने, मग जंट वरिसै म्हणजे जोडस्वर, मग धाटु, म्हणजे स्वर ओलांडून जाणारे, मग सप्तताल अलंकार. हा क्रम पुरंदरदासांनी घालून दिला असं मानतात. आणि सगळं मायामालवगौळ रागात. आपल्या भैरव थाटाचे स्वर ते. पूर्वांग आणि उत्तरांग अगदी सारखे, सारेगम जसं तसंच पधनीसां, म्हणून नवशिक्याला ठाव सापडतो.

प्रत्येक धडा तीन लयींत: पहिली, दुप्पट, चौपट. हात तालावर चालूच. जंट वरिसैत सासा रेरे मधला दुसरा स्वर थोडा उचलून घ्यायचा असतो, त्याने पुढे गमकाला, म्हणजे स्वर हलवून गाण्याला, गळा तयार होतो. हे पाहून मला वाटतं की आपल्याकडेही अलंकारांना असा ठरलेला चढता क्रम असावा. प्रत्येक क्लासचा वेगळा, हे शिकणाऱ्याला अवघड जातं.

---

विलंबित

तुंगभद्रा, ठरलेल्या क्रमाबद्दल माझं थोडं वेगळं मत. आपल्याकडे ख्यालात पलटे गुरू त्या त्या शिष्याचा गळा बघून देतात, आणि तेच चांगलं आहे. ज्याचा गळा जड त्याला जोडस्वर, ज्याचा चपळ पण कच्चा त्याला मींड आणि लांब स्वर. छापील क्रम सगळ्यांना सारखा लावला की औषधाचा एकच डोस घरभर दिल्यासारखं होतं.

तीव्रमध्यमच्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल, म्हणजे पलट्यातून रागात जाण्याबद्दल. मला यात मेरुखंडाचा फार उपयोग झाला. शार्ङ्गदेवांच्या 'संगीतरत्नाकरा'त खंडमेरू आहे, तेराव्या शतकातला. कल्पना सोपी: हातात असलेल्या स्वरांचे सगळे क्रम गाऊन बघायचे. तीन स्वरांचे सहा: सारेग, रेसाग, सागरे, गसारे, रेगसा, गरेसा. चारांचे 24, पाचांचे 120, सहांचे 720, सातांचे 5040. सगळे पाठ करायचे नाहीत, कुणी करू नये. तीन आणि चार स्वरांचे केले तरी डोक्यातली 'सारेगमची शिडी' मोडते. आपण स्वर शिडीवरून चढत-उतरतच लावू शकतो असं नकळत बसलेलं असतं, ते जातं.

उस्ताद अमीर खाँ (1912–1974) यांची विलंबित बढत, म्हणजे संथ लयीतला रागाचा विस्तार, ऐका. एकेक स्वर जोडत, त्यांची अदलाबदल करत राग पुढे सरकतो. भेंडीबाजार घराण्यातही मेरुखंडाची ही परंपरा आहे.

आता रागात. भूपाळी घ्या: सारेग, रेगप, गपध, पधसां. स्वर ओलांडले गेले, पण पलटा तोच. यमनमध्ये साने सुरुवात करू नका. मंद्र निषादापासून घ्या, नीरेग, आणि चढताना पंचमही सोडा. इथे पलटा रागाच्या चालीने चालायला लागतो. भैरवात मात्र नुसता पलटा म्हणून भागत नाही, कोमल रिषभ आणि धैवत आंदोलित, म्हणजे हळूच झुलते, हवेत. तेव्हा द्रुत पलट्यांआधी तिथे लांब स्वरांचाच रियाज करा. आणि मालकंसात पंचम नाही, तंबोरा मध्यमाचा लावा. मारव्याला निषादाचा. तंबोरा चुकीचा लावून केलेला रियाज कानाला उलटी सवय लावतो.

---

तीव्रमध्यम

विलंबित, यमनचा मुद्दा सोनं आहे. नीरेग, रेगमंध, मंधनीसां (मं म्हणजे तीव्र मध्यम) असं घेऊन बघितलं, लगेच यमन दिसू लागतो.

स्वरयंत्र ताई, तो कंपनांचा हिशोब मी क्लासमधल्या बायकांना दाखवला. सगळ्यांसाठी काळी एक धरून सामूहिक अलंकार म्हणायचे, यात बायकांना मंद्रात त्रास आणि पट्टी वर नेली की पुरुषांना तारात. दोन गट करून वेगवेगळ्या पट्टीत बसवणं हाच उपाय. वेळ जातो, पण गळे वाचतात.

---

पहिलाबर्फ

न्यू जर्सीहून. माझा क्लास व्हिडिओ कॉलवर चालतो. गुरू पुण्यात. इथल्या अनेकांचा हाच मार्ग आहे म्हणून लिहिते. आवाज पोचायला लागणाऱ्या वेळेमुळे दोघांनी एकत्र गाणं जमतच नाही. म्हणून आम्ही तंबोरा माझ्याकडे सुरू ठेवतो, गुरू एक पलटा गाऊन थांबतात, मी म्हणते, ते ऐकतात. यातून एक चांगली गोष्ट झाली: गुरूंच्या आवाजामागे लपता येत नाही. प्रत्येक स्वर एकटीने लावावा लागतो. तोटा असा की कॉलचं सॉफ्टवेअर तंबोऱ्याला गोंगाट समजून दाबतं आणि लांब धरलेला स्वरही मध्येच कापतं. सेटिंगमध्ये गोंगाट काढण्याची सोय बंद करा आणि संगीतासाठीचा पर्याय असेल तर तो लावा. खर्जाचा रियाज मात्र वेगळा ध्वनिमुद्रित करून पाठवावा, फोनच्या स्पीकरवर मंद्र स्वर नीट ऐकूच येत नाहीत.

---

आम्रपाली

माझा प्रश्न. मुलगा तेरा वर्षांचा, मध्यमा प्रथमची तयारी चालू आहे. गेले काही महिने आवाज फुटतोय. तार सप्तकात चिरतो, मध्येच खाली पडतो. क्लासमध्ये सांगितलं की रियाज वाढव, आपोआप बसेल. तो रडकुंडीला येतो. काय करावं?

---

स्वरयंत्र

आम्रपाली ताई, रियाज वाढवू नका, बदला. या वयात मुलांचं स्वरयंत्र मोठं होतं, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. हे काही महिन्यांत होतं, कधी जास्त वेळही लागतो. गाणं पूर्ण बंद करायचं कारण नाही. जेवढे स्वर त्या दिवशी सहज लागतात, तेवढ्यातच काम. पट्टी खाली आणा आणि ती पुन्हा पुन्हा बदलावी लागेल हे गृहीत धरा. मकार, हलका आकार, लहान पलटे. तार षड्ज गाठायचा हट्ट अजिबात नको.

---

सांजवात

आणि परीक्षेचं म्हणशील तर, पुढे ढकल. गांधर्व महाविद्यालय मंडळाची परीक्षा पुढच्या सत्रात पुन्हा येते, गळा परत येत नाही. या महिन्यांत त्याला ऐकायला बसव. तंबोरा लावायला शिकव, जोडीच्या दोन तारा एकमेकींत विरघळेपर्यंत. ताल हाताने धरायला लाव. बंदिशी पाठ करून घे, न गाता. आमच्या बाईंकडे एका मुलाने आवाज फुटताना हेच केलं होतं, आणि नव्या आवाजात बसला तेव्हा त्याच्याकडे राग भरपूर होते, फक्त गळ्याची ओळख नव्याने करून घ्यावी लागली.

---

आम्रपाली

दोघींनाही मनापासून धन्यवाद. आज संध्याकाळी क्लासमध्ये बोलते. काळी एक लावून बघितली आत्ताच, मंद्र धैवतापासून मध्य पंचमापर्यंत सहज गातोय. तेवढ्यातच भूपाळीचे पलटे सुरू करतो.

---

तिहाई

तेवढ्या स्वरांत तिस्र आणि चतस्र जातीचे, म्हणजे तीन-तीन आणि चार-चारांचे, पलटे सगळे बसतात, आम्रपाली ताई. तीनतालाचा ठेका मी व्यनितून (व्यक्तिगत निरोपातून) पाठवतो, संथ लयीचा, त्याला त्यावर म्हणू दे.